पावसाच्या वह्या एसक्यूलाइटमध्ये : नलचं काम मार्गी लागलं

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यातल्या घरगुती पर्जन्यमापकांच्या वह्या गोळा करून सगळं एका एसक्यूलाइट फाइलमध्ये (एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) आणायचं चाललंय, बऱ्याचशा वह्या शेतकऱ्यांच्या आहेत, काही रिटायर्ड मास्तरांच्या. पुढच्या सगळ्या क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) ज्यावर उभ्या राहणार ती टेबलं आधी पक्की करायची होती आणि त्यात जवळपास सगळा वेळ गेला तो रिकाम्या चौकटींवर, डेटाबेसच्या भाषेत नलवर.

अमळनेरकडच्या एका आबांच्या वहीत जुलैच्या पानावर सलग पाच दिवस असे आहेत : १८, ०, डॅश, ६ आणि पाचवा कोरा. ० म्हणजे आबांनी सकाळी साडेआठला मोजपात्र बघितलं आणि त्यात थेंब नव्हता, ती पक्की माहिती आहे. डॅशचं विचारलं तर म्हणे, "त्या दिन मी गावले जायेल व्हतू." म्हणजे त्या दिवशीचा पाऊस गेजमध्ये तसाच राहिला आणि दुसऱ्या दिवशीचे ६ मिमी हे दोन दिवसांचे मिळून आहेत! आणि कोरा दिवस म्हणजे गेजची बाटली फुटलेली होती, तो दिवस गेलाच, आता कुठूनही परत येणार नाही. तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक्सेलमध्ये कोणी टाइप केल्या की तिन्ही एकसारख्या दिसतात.

आता हेच पाच दिवस तीन तऱ्हेने टाकून बघा. डॅश आणि कोरा दोन्ही नल ठेवले तर एव्हीजी, म्हणजे सरासरीचं फंक्शन, नल सोडून देतं, २४ भागिले ३, उत्तर ८. डॅश डॅशच राहिला आणि कोरा रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, म्हणून आला (सीएसव्ही फाइल डॉट-इम्पोर्ट कमांडने आणली की रिकामी जागा नल होत नाही, रिकामी स्ट्रिंग होते, हे लक्षात ठेवा) तर एसक्यूलाइट एव्हीजीमध्ये त्या दोघांना ० धरतं, म्हणजे २४ भागिले ५, उत्तर ४.८. आणि खरं उत्तर आहे ६, कारण २४ मिमी हे चार दिवसांचे आहेत. एकाच पानाची तीन उत्तरं आणि एरर कुठेच नाही.

त्याहून बेकार म्हणजे एसक्यूलाइटमध्ये कॉलम रिअल (दशांश आकड्यांचा) असला तरी साध्या टेबलमध्ये त्यात टेक्स्ट घुसतं, आणि तुलनेत टेक्स्ट कायम आकड्यापेक्षा मोठं धरलं जातं. हवामान खात्याच्या व्याख्येत २.५ मिमी किंवा जास्त पडला की तो पावसाचा दिवस, मग 'व्हेअर मिमी >= २.५' लिहिलं की डॅशवाले दिवस पावसाचे दिवस म्हणून मोजले जातात आणि मॅक्स काढला तर महिन्याचा सगळ्यात मोठा पाऊस म्हणून डॅश समोर येतो. म्हणून वाचनाचं टेबल आता स्ट्रिक्ट केलंय, ही सोय ३.३७ व्हर्जनपासून म्हणजे २०२१ पासून आहे, डॅश टाकायला गेलं की तिथेच अडवतं. इम्पोर्ट आधी कच्च्या टेबलमध्ये, सगळं टेक्स्ट, तिथून नलइफ (ठरावीक मजकुराचं नल करणारं फंक्शन) लावून पुढे.

टेबलचं डिझाइन आता असं आहे. एका केंद्राची एक तारीख म्हणजे एक ओळ. मिमी नल चालतो. त्याच्या शेजारी 'स्थिती', तिथे तीनच शब्द : मोजला, पुढच्यात (पाऊस पुढच्या मोजणीत मिसळला), बुडाला (मोजणी गेलीच). आणि 'किती_दिवसांचा', एरवी १, आबांच्या त्या ६ मिमीला २. सरासरी काढताना एव्हीजी वापरत नाही, सम (बेरीज) मिमी भागिले सम किती_दिवसांचा, हे फक्त मोजलेल्या ओळींवर. महिन्यातला सगळ्यात मोठा दिवस काढताना मात्र किती_दिवसांचा = १ ही अट लागते, नाहीतर दोन दिवसांचा साठलेला पाऊस एका दिवसाचा विक्रम होऊन बसतो.

चेक कंस्ट्रेंट (ओळ आत घेण्याआधी तपासायची अट) लिहिताना एक बारकावा. 'चेक मिमी >= ०' नलला अडवत नाही, कारण उत्तर खोटं येत नाही, 'माहीत नाही' येतं आणि चेक फक्त खोट्यालाच अडवतो. म्हणून जोडीने लिहिलं : स्थिती मोजला असेल तर मिमी नल नको, बाकी दोन असतील तर मिमी नलच हवा. पण स्थितीच नल आली तर हा चेकसुद्धा 'माहीत नाही' होऊन पास होतो, तेव्हा स्थितीला नॉट नल पाहिजेच पाहिजे.

रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉड साहेबांनी पुढे दोन खुणा सुचवल्या होत्या, एक 'आहे पण हाती नाही' आणि दुसरी 'इथे लागूच नाही', पण एसक्यूएलमध्ये सगळ्यांसाठी एकच नल आहे. माझं मत असं झालंय की एका डेटाबेसमध्ये नलचा एकच अर्थ ठेवावा आणि कारण दुसऱ्या कॉलममध्ये शब्दात लिहावं.

तालुका-जिल्हा टेबलमध्ये हे लगेच कामाला आलं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, म्हणजे शहाद्याची १९९५ ची वही धुळे जिल्ह्यात मोजायची आणि २००५ ची नंदुरबारात. तिथे 'पासून' आणि 'पर्यंत' ठेवलेत. चालू असलेल्याला 'पर्यंत' नल ठेवायची पद्धत बरेच जण वापरतात, मी ९९९९-१२-३१ टाकलं, बिटवीन सरळ चालतं आणि नलला दुसरा अर्थ चिकटत नाही. नावांचं वेगळं टेबल आहे, एदलाबाद आणि मुक्ताईनगर एकच, अक्राणी आणि धडगाव एकच, तिथे काही अडचण आली नाही.

ओळच नसलेल्या तारखांसाठी रिकर्सिव्ह सीटीईने (स्वतःलाच पुन्हा वापरत ओळी बनवणारी क्वेरी) कॅलेंडर बनवून लेफ्ट जॉइन (डावीकडच्या सगळ्या ओळी ठेवणारा जोड) करतोय. केंद्राची अट ऑनमध्ये लिहा, व्हेअरमध्ये लिहिली की ज्या तारखा शोधायला निघालो त्याच गळून जातात. तसंच वाचन नसलेली केंद्रं शोधताना नॉट इन नको, आतल्या यादीत एक नल आला तरी उत्तर शून्य ओळी येतं, नॉट एक्झिस्ट्स लिहा.

सध्या पावसाच्या खंडावर काम चाललंय. कापूसवाले सगळे तेच विचारतात, सलग किती दिवस कोरडे गेले. मध्ये बुडालेला दिवस आला तर खंड तुटला म्हणायचं की चालू? एकच आकडा दिला तर खोटं बोलल्यासारखं होतं म्हणून दोन कॉलम देतोय, 'नक्की खंड' बुडालेल्या दिवशी थांबतो, 'शक्य खंड' तो दिवस कोरडा धरून पुढे जातो. पुढच्यात गेलेल्या दिवसांचं त्यातल्या त्यात बरं आहे, साठलेला आकडाच २.५ च्या खाली असेल तर आतला एकही दिवस पावसाचा असू शकत नाही, ते सगळे नक्कीमध्ये जातात. दोन दिवसांचा आकडा २.५ किंवा जास्त असेल तर दोघंही संशयित, ५ च्या खाली असेल तर शक्य खंडात दोन्ही कोरडे धरता येतात, ५ किंवा जास्त असेल तर त्यातला एकच, दोन्ही नाही, आणि ही अट विंडो फंक्शनमध्ये (शेजारच्या ओळी बघून हिशोब करणारं फंक्शन) अजून नीट बसलेली नाही. कोणी असं केलं असेल तर क्वेरी दाखवा.