काकांच्या मागून एकोणीस गाड्या

काका मंगळवारी पहाटे गेले. आमच्या मित्राचे वडील. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले होते आणि परतीचं तिकीट तीन आठवड्यांवर होतं. आपल्याकडे माणूस पहाटे गेला तर दुपारपर्यंत सगळं उरकून लोक आंघोळी करून बसलेले असतात. इथे फ्लोरिडात मृत्यूनंतर ४८ तास उलटल्याशिवाय दहन करता येत नाही, आणि त्यासाठी मेडिकल एक्झामिनरची, म्हणजे मृत्यूच्या कारणाची तपासणी करणाऱ्या सरकारी डॉक्टरची, मंजुरीही लागते. पुण्याहून मुलगी यायची होती. होता होता शनिवार उजाडला.

टॅम्पातल्या ज्या फ्युनरल होममध्ये, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेत, विधी झाले, तिथे दहनाची सोय नव्हती. ती दुसऱ्या जागी, अकरा मैलांवर. म्हणजे काकांना शववाहिनीतून न्यायचं आणि आम्ही सगळ्यांनी आपापल्या गाड्या घेऊन मागे जायचं. माझा नवरा मित्रासोबत पुढच्या गाडीत होता. आमची गाडी मी चालवत होते. मागच्या सीटवर दोन काकू, शेजारी माझा दहा वर्षांचा मुलगा. साताऱ्यात असते तर मी दारातूनच नमस्कार केला असता. इथे मी अंत्ययात्रेत होते, तीही स्टिअरिंग धरून.

मला त्या यात्रेचे नियम माहीत नव्हते, म्हणून हे लिहायला बसले आहे. इथे सात वर्षं गाडी चालवतेय, लायसन्सची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले होते, तरीही माहीत नव्हते. आणि त्या दिवशी माझ्यामुळे अपघात होता होता राहिला.

पार्किंगमध्ये फ्युनरल होमच्या माणसाने गाड्या एकामागे एक लावून घेतल्या. सगळ्यात पुढे त्यांची लीड कार, मग शववाहिनी, मग घरची माणसं, मग आम्ही. तो प्रत्येक गाडीपाशी आला आणि टपावर चुंबकाचा छोटा झेंडा बसवला. जांभळ्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत ‘फ्युनरल’ लिहिलेलं. चुंबक टपाला चिकटताना टक्कन आवाज झाला तशा मागच्या काकू दचकल्या. मग खिडकीशी वाकून तो म्हणाला, हेडलाइट लावा, चारही इंडिकेटर लावा, पुढच्या गाडीला धरून राहा, मध्ये कुणाला शिरू देऊ नका. मी मान डोलावली. खरं सांगते, डोकं ठिकाणावर नव्हतं. काकांच्या हातावर तुळशीपत्र ठेवतानाचा त्यांच्या लेकीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. अशा वेळी कानावर पडलेल्या सूचना आत पोचत नाहीत.

त्यानंतर मी फ्लोरिडाचा कायदा नीट वाचून काढला. त्यातली मुख्य गोष्ट एका वाक्यात सांगता येते. लीड कार हिरव्या दिव्यावर किंवा पोलिसाच्या इशाऱ्यावर, म्हणजे नियमाप्रमाणे चौकात शिरली, की मागच्या सगळ्या गाड्या तिच्यामागून जाऊ शकतात, मग मध्येच दिवा लाल झाला तरी. दोन गाड्यांमध्ये तिसरी शिरू शकेल एवढी जागा सोडायचा जो एरवीचा नियम आहे, तोही या रांगेला लागू नाही. उलट पुढच्या गाडीच्या जितकं जवळ सुरक्षितपणे राहता येईल तितकं राहायचं. कायद्याच्या लेखी ती अख्खी रांग म्हणजे जणू एकच लांबलचक गाडी. खांदेकरी जसे पावलाला पाऊल मिळवून चालतात, कुणी मध्येच रेंगाळला तर तिरडी कलते, तसंच हे.

मी रेंगाळले.

फ्लेचर अॅव्हेन्यूच्या चौकात लीड कार हिरव्या दिव्यावर गेली. माझी गाडी चौदावी. मी चौकाशी पोचेपर्यंत दिवा लाल झाला होता. तेराव्या गाडीने सरळ चौक ओलांडला, पण लाल दिवा दिसताच माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. सात वर्षांची सवय. क्षणभरातच चूक लक्षात आली आणि मी पुन्हा निघाले, पण तोवर पुढे चार गाड्या मावतील एवढी मोकळी जागा पडली होती. उजवीकडून एक पिकअप ट्रक निघाला. त्याचा दिवा हिरवा, समोर रस्ता रिकामा. त्याच्या जागी मी असते तर मीही निघाले असते. तो माझ्या बॉनेटपासून हातभर अंतरावर थांबला. टायर करकचले, मागून ‘अगं बाई!’ ऐकू आलं, मुलाने डॅशबोर्डवर दोन्ही हात टेकवले. माझ्यामागे आणखी पाच गाड्या होत्या.

आमच्याबरोबर मोटारसायकलवर दोन पोलीस होते. हे काम ते ड्यूटीबाहेरच्या वेळेत करतात, आणि फ्युनरल होम तासाच्या हिशेबाने त्यांचे पैसे कुटुंबाच्या बिलात लावतं. त्यातला एक पुढच्या चौकाकडे निघाला होता, तो वळून आला. ट्रकसमोर मोटारसायकल आडवी लावली, एक पंजा ट्रककडे रोखला आणि दुसऱ्या हाताने मला बोलावलं. पांढरं हेल्मेट, पोपटी जाकिटावर चंदेरी पट्टे, दातांत शिटी. रागावलेला दिसला नाही. आम्ही सहाही गाड्या पार होईपर्यंत त्याचा पंजा खाली आला नाही.

त्या दोघांचं काम मी उरलेल्या वाटेवर डोळे भरून पाहिलं. एक चौक अडवून धरतो, दुसरा पुढचा चौक गाठतो. रांग सरकली की पहिला पुन्हा डावीकडून भरधाव पुढे येतो. एका बाजूला आमची रांग, दुसऱ्या बाजूला समोरून येणारी वाहनं, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून त्याची मोटारसायकल. जाताना आरशात आधी निळा प्रकाश दिसतो, मग तो खिडकीजवळून निघून जातो. कुणाचा तरी बाप शेवटच्या प्रवासाला निघालाय आणि एक अनोळखी माणूस त्याच्यासाठी दर चौकात स्वतःला गाड्यांसमोर उभं करतोय. मला तेव्हा रडू आलं.

दिव्यांच्या रंगांचेही नियम आहेत. पोलिसांच्या वाहनावर लाल, निळा किंवा पिवळसर दिवा असू शकतो. पण पोलीस नसलेली, म्हणजे फ्युनरल होमची किंवा खासगी एस्कॉर्टची गाडी पुढे असेल तर तिच्यावर पिवळसर किंवा जांभळा फिरता दिवा हवाच, आणि तो समोरून ५०० फुटांवरून दिसला पाहिजे. ५०० फूट म्हणजे साधारण दीडशे मीटर, क्रिकेटच्या मैदानाचं एक टोक ते दुसरं टोक. हा दिवा लुकलुकता ठेवायचा तो फक्त अंत्ययात्रेत. एरवी रिकाम्या गाडीवर लावून रस्ता मोकळा करून घ्यायला परवानगी नाही. तसंच वाट मिळावी म्हणून परक्या माणसाने रांगेत घुसणंही बेकायदा आहे. (हेही लोक करतात. ऐकून मला वाईट वाटलं.)

रांगेतल्या प्रत्येक गाडीचे हेडलाइट आणि टेललाइट लावलेले असलेच पाहिजेत, चारही इंडिकेटर लावायची मुभा आहे. जूनच्या उन्हात हेडलाइट कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, तिथे हे लुकलुकणारे दिवे आणि टपावरचा झेंडाच रांगेची ओळख पटवतात. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावायला फ्लोरिडात एरवी बंदी होती. २०२१ च्या जुलैपासून एक सूट मिळाली, तीही मोठ्या वेगाच्या रस्त्यांवर अगदीच काही दिसेनासं झालं तर. अंत्ययात्रेला मात्र ही मुभा आधीपासून होती.

पण यातलं काहीही आंधळी सूट नाही. रांगेतल्या ड्रायव्हरने स्वतः बघूनच जायचं असतं, आणि सायरन वाजवत अॅम्ब्युलन्स किंवा फायर ब्रिगेडची गाडी आली तर अंत्ययात्रेनेही वाट सोडायची असते. हा नियम मला फार पटला. आत जो जगायची धडपड करतोय त्याचा हक्क आधी.

आता दुसरी बाजू, कारण इथल्या मराठी माणसांवर तीच वेळ जास्त येते. तुम्ही रांगेत नाही, तुमचा दिवा हिरवा आहे आणि समोरून लाल दिव्यातून अंत्ययात्रा जाते आहे. अशा वेळी तिची वाट न कापता जाता येत असेल तरच चौकात शिरायचं, नाहीतर हिरव्या दिव्यावरही थांबायचं. चालत्या रांगेच्या मध्ये शिरायचं नाही. मागून हॉर्न वाजतील, वाजू द्या. आणि गाड्यांमध्ये फट दिसली की रांग संपली असं समजू नका. त्या फटीमागे माझ्यासारखी कुणीतरी असेल.

इतर राज्यांत तपशील बदलतात. ओहायोत प्रत्येक गाडीवर जांभळा-पांढरा किंवा केशरी-पांढरा झेंडा सक्तीचा आहे. इलिनॉयमध्ये लीड कारला लुकलुकता पिवळसर दिवा लावता येतो. तुम्ही जिथे राहता तिथलं एकदा वाचून ठेवा. घरात दुःख असताना ते वाचणं कुणालाच जमत नाही.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट पाहिली. शेवटच्या दोन मैलांचा रस्ता दुपदरी होता. तिथे समोरून येणाऱ्या गाड्या एकेक करत कडेला थांबत होत्या. एका म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी धरली. हा कायदा नव्हे, अमेरिकेच्या दक्षिणेकडची जुनी रीत आहे. मागच्या काकू म्हणाल्या, ‘‘अगं, आपल्याकडेपण असंच करतात की.’’ खरंच आहे. आमच्या गावात प्रेत चाललं की सायकलवाला खाली उतरतो, दुकानदार उठून उभा राहतो, चपला काढून हात जोडतो. आपल्या १९८९ च्या रस्ता नियमांत तर मिरवणुकीजवळून जाताना ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग नको असं लिहिलेलं होतं. मोठ्या चौपदरी रस्त्यावर मात्र असं अचानक कडेला थांबू नका, मागचा येऊन धडकेल. तिथे वेग कमी केला तरी पुरे.

दहनगृहाच्या दारात तो पोलीस भेटला. मी माफी मागितली. तो म्हणाला, ‘‘तुमच्यापुढची जागा बघून त्या ट्रकवाल्याला वाटलं रांग संपली. चूक त्याचीही नाही. तुम्ही ठीक आहात ना?’’ मग हेल्मेट काखेत धरून, शववाहिनी आत जाईपर्यंत तो उन्हात सरळ उभा राहिला. आत मित्राने बटण दाबलं. मंत्राग्नीचं तेवढंच रूप आम्हाला इथे मिळतं.

बाहेर आलो तर फ्युनरल होमचा माणूस झेंडे गोळा करत होता. आमच्या टपावरचा काढला तेव्हा धुळीत चुंबकाचा गोल ठसा उमटला होता. पुढचे कितीतरी दिवस मी गाडी धुतली नाही.

गेल्या दीड वर्षात आमच्या गोतावळ्यात आणखी दोघे गेले. दोन्ही वेळा आदल्या रात्री मी सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर एकच मेसेज पाठवला: ‘‘पेट्रोल भरून या. पोचायचा पत्ता फोनमध्ये टाकून ठेवा, चुकामूक झाली तर कुणाच्या मागे धावू नका. निघताना हेडलाइट आणि चारही इंडिकेटर. चौकात दोन्हीकडे बघा, पण विनाकारण थांबू नका, पुढच्या गाडीला धरून राहा. नवीन ड्रायव्हर आणि लहान मुलं असलेल्या गाड्या मध्ये ठेवा. शेवटची गाडी माझी असेल.’’