साबणाचे आजोबा: दिवस 19

नाक गेलं.

मंडळी, साबणाचा एक पगडीवाला म्हातारा कोरून मी घरच्या बेसिनवर ठेवलाय, सगळ्यांनी त्याच्यावरच हात धुवायचे आणि तो कसा झिजतो ते बघायचं. मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की आधी पगडीचं टोक झिजेल. सपशेल चूक. हात धुताना माणूस तळवा वरून खाली फिरवतो आणि पगडी मागे कललेली असल्यामुळे वाटेत पहिलं आडवं येतं ते नाक. बेसिनवर ठेवलं त्या दिवशी वजन 412 ग्रॅम होतं, आज सकाळी काट्यावर 347. मिशा अजून शाबूत आहेत.

नव्याने आलेल्यांसाठी: हा उद्योग मीक्यंग शिन या कोरियन शिल्पकर्तीमुळे सुरू झाला. जन्म 1967चा. 1990च्या दशकात ती लंडनला स्लेड स्कूल या कलाशाळेत शिकायला गेली आणि तेव्हापासून साबण हेच तिचं मुख्य माध्यम. ग्रीक पुतळे, चिनी फुलदाण्या, सगळं साबणाचं. फुलदाण्या तर लाकडी खोक्यांवर मांडलेल्या असतात, जणू आत्ताच बोटीतून उतरवल्यात. पण मला वेड लावलं ते तिच्या स्वच्छतागृहांतल्या पुतळ्यांनी. संग्रहालयाच्या बेसिनपाशी साबणाचा पुतळा ठेवायचा, येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्यावर हात धुवायचे आणि झिजून गुळगुळीत झाला की तोच दालनात मांडायचा. शेकडो वर्षं मातीखाली राहिलेल्या मूर्तीसारखा दिसतो म्हणे. माझे आजोबा अजून तरी नुसते सर्दी झाल्यासारखे दिसतात.

तिने बुद्धमूर्तीही अशाच ठेवल्या आहेत. शेजारच्या काकूंनी विचारलं, मग गणपती का नाही केलास? काकू, त्याच्यावर हात कोण धुणार? माझ्याच्याने तरी होणार नाही. म्हणून पगडीवाला म्हातारा, कुणाचाच नसलेला.

आता कामाचं. तयार वडी थेट कोरू नका. कारखान्यात साबण यंत्रातून दाबून लांब पट्टीसारखा बाहेर काढतात, त्यामुळे वडीत लाकडासारखे पदर असतात. सुकलेल्या वडीला आडवी सुरी लावली की कपचा उडतो. माझे दोन कान असेच गेले. ताजी वडी रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर बरीच नरमते. त्याहून बरं म्हणजे सरळ किसणीवर किसायचं, पाण्याचा हबका मारायचा आणि पुरणाइतकं घट्ट मळायचं. मात्र वाळताना हा गोळा आकसतो. पगडी आणि कपाळाच्या सांध्यात पाचव्या दिवशी चीर पडली ती त्यामुळेच. किसाचीच पेस्ट भरून बुजवली, तरी रंगाचा फरक दिसतोच. हत्यारं तीच: क्रोशाची सुई, बटाट्याचं सोलाणं आणि डोळ्यांसाठी कानकोरणं.

(आधी फुटक्या कपांवर हात चालवून झाला होता, जुन्या वाचकांना आठवत असेल. यी सूक्यंग ही दुसरी कोरियन कलावंत टाकून दिलेल्या भांड्यांचे तुकडे जोडून सांध्यांवर सोन्याचा वर्ख लावते. कोरियनमध्ये तडा आणि सोनं यांना एकच शब्द आहे. माझ्याकडे वर्ख नव्हता आणि बोटाला मात्र तीन चिरा पडल्या.)

पारदर्शक ग्लिसरीन साबणाची फुलदाणी मात्र फसली. शिनच्या अशा आरपार दिसणाऱ्या फुलदाण्या फार देखण्या आहेत, पण मी ओतायला घेतली ती डोंबिवलीतल्या जुलैत. ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं. सकाळी बघते तर फुलदाणीला दरदरून घाम फुटलेला. आता दिवाळीनंतर.

आणि घोडा. लंडनच्या कॅव्हेंडिश चौकात ड्यूक ऑफ कंबरलंडचा अश्वारूढ पुतळा होता, 1770चा. स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या लढाईनंतरच्या क्रूरपणामुळे हा ड्यूक ‘खाटीक’ म्हणून बदनाम झाला होता. 1868मध्ये पुतळा हलवला आणि चौथरा रिकामाच राहिला. 2012मध्ये शिनने त्यावर साबणाचा घोडा आणि ड्यूक चढवला आणि ऊनपावसाच्या हवाली केला. मीही बाल्कनीत कुंडीच्या काठावर नऊ सेंटिमीटरचा घोडा ठेवला. चार दिवसांत बशीत साचलेल्या पाण्याने पाय मऊ झाले, म्हणून खाली दोन खडे दिले. पाचव्या दिवशी कावळ्याने घोडा पळवला. समोरच्या इमारतीच्या टाकीवर बसून तो चोच मारत होता, एवढं पाहिलं. त्यामुळे पावसाच्या झिजेचे आकडे यावेळी नाहीत.

परत आजोबांकडे. काल सासूबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, हे तर आमच्या मामंजींसारखे दिसतात. रोज त्यांच्या तोंडावरून हात काय फिरवता सगळे?” मामंजींना मी फोटोतही पाहिलेलं नाही. आज सकाळी बेसिनपाशी गेले तर आजोबांचं तोंड भिंतीकडे वळवलेलं. म्हणजे आता मान आणि पगडीची मागची बाजू झिजणार. पुढचं वजन शनिवारी.