मागच्या बोटीने थांबायचे नाही

दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरात ब्रिटनकडे माल नेणाऱ्या बोटींचे ताफे आणि त्यांच्यावर हल्ले करणाऱ्या जर्मन पाणबुड्या यांची लढाई चालली होती. तिच्याविषयी वाचताना पाणबुड्यांच्या पराक्रमापेक्षा माझे मन एका ओबडधोबड वस्तूपाशीच जास्त रेंगाळले. दाट धुक्यात ताफ्यातील बोटी एकमेकींना दिसेनाशा झाल्या की प्रत्येक बोट लांब दोराने आपल्या मागे एक तरंगता लाकडी सांगाडा ओढत नेई. तो पाणी कापताना कारंज्यासारखा फवारा उडवी आणि मागच्या बोटीच्या नाळेवरचा पहारेकरी त्या फवाऱ्यावर नजर खिळवून अंतर राखी. रेडिओ वापरायचा नाही, दिवे लावायचे नाहीत आणि पुढची बोट जेमतेम चार-पाचशे मीटरवर!

चाळीस बोटींचा ताफा नऊ-दहा रांगांत चाले आणि एकेका रांगेत चार-पाच बोटी असत. म्हणजे ताफा लांबीपेक्षा रुंदीला जास्त असे, कारण पाणबुडीला नेम धरायला बाजू सोयीची, म्हणून बाजूच आखूड ठेवलेली. तेलाच्या आणि दारूगोळ्याच्या बोटी शक्यतो आतल्या रांगांत ठेवत. ताफ्याचा कमोडोर, म्हणजे प्रमुख, बहुधा निवृत्त अ‍ॅडमिरल असे आणि तो स्वतः मालवाहू बोटीवरूनच प्रवास करी. सगळ्यांत कठोर नियम असा, की शेजारची बोट बुडाली तरी थांबायचे नाही. थांबलेली बोट म्हणजे आयतेच लक्ष्य. पाण्यातल्या माणसांना उचलायचे ते रांगेतल्या शेवटच्या बोटीने किंवा संरक्षक नौकेने, आणि 1941 पासून त्यासाठी खास बचाव-बोटी ताफ्यासोबत जाऊ लागल्या.

संरक्षण तोकडे असले की काय होते, ते ‘एससी 7’ या ताफ्याने दाखवले. ऑक्टोबर 1940 मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातील सिडनी बंदरातून 35 जुन्या, मंद बोटी लाकूड, पोलाद आणि लोहखनिज घेऊन निघाल्या. सुरुवातीला सोबतीला एकच लहान युद्धनौका होती. ताफ्याचा वेग सात-आठ नॉट, म्हणजे सायकलस्वाराइतका. उलट पाणबुडी पृष्ठभागावर सतरा नॉटने धावे. ध्वनिलहरींनी पाणबुडी हुडकणारे यंत्र पाण्याखालच्या पाणबुडीसाठी होते, त्यामुळे रात्री पृष्ठभागावरून आलेल्या पाणबुड्या त्याला सापडतच नव्हत्या. ऑटो क्रेचमर या जर्मन कप्तानाने तर आपली पाणबुडी सरळ रांगांच्या आत घातली. 20 बोटी बुडाल्या. लाकूड भरलेल्या बोटी काही काळ तरी तरंगत राहत. खनिजाच्या बोटी मात्र दगडासारख्या तळाशी जात.

यावरचा जो उपाय मला सर्वांत विलक्षण वाटतो, तो कागदावर सापडला. मोठा ताफा धोक्याचा, अशी नौदलाची पक्की समजूत होती. भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट (हेच पुढे नेहरूंचे संरक्षणविषयक सल्लागार झाले) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, की बोटी चाळीसवरून ऐंशी केल्या तरी पहाऱ्याचा परीघ जेमतेम एक सप्तमांश वाढतो. शिवाय एका ताफ्यातील बुडणाऱ्या बोटींची संख्या ताफ्याच्या आकाराबरोबर वाढत नव्हती. मग मोठे ताफे थोडे पाठवावेत आणि प्रत्येकाला भरपूर संरक्षण द्यावे, हे ओघानेच आले. 1944 च्या उन्हाळ्यातला ‘एचएक्स 300’ हा 167 बोटींचा ताफा एकही बोट न गमावता पार झाला. अर्थात तोवर रडार आणि दूर पल्ल्याची विमाने यांनी पाणबुड्यांचा जोर मोडला होता. श्रेय एकट्या गणिताचे नव्हे.

या बोटींवर आपली माणसेही होती. ब्रिटिश कंपन्यांच्या मुंबईहून भरती होणाऱ्या बोटींवर डेकचे सारंग, तांडेल आणि खलाशी बहुधा रत्नागिरीकडचे, इंजिनखान्यात भट्टी पेटती ठेवणारे आगवाले पंजाब-सरहद्दीकडचे आणि सलूनमधले, म्हणजे जेवणखाणाची सेवा करणारे, गोव्याचे असत. त्यांना गोऱ्या खलाशांच्या मानाने फारच कमी पगार मिळे. म्हणून 1939 मध्ये युद्ध सुरू होताच अनेकांनी संप केले आणि काहींनी त्यासाठी तुरुंगवासही भोगला. टॉर्पेडो फुटला की डेकवरच्या माणसाला होडीपर्यंत पोहोचण्याची थोडी तरी संधी होती; आगवाल्याला मात्र पाणी आत घुसत असताना लोखंडी शिड्यांवरून वर यावे लागे. या युद्धात सहा हजारांहून अधिक भारतीय व्यापारी खलाशी मृत्युमुखी पडले. त्यांतल्या बहुतेकांना ना थडगे, ना नाव कोरलेला दगड. त्यांच्या नावांची नोंदवही मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशीगृहात आहे आणि तिचीच दुसरी प्रत चितगावला आहे.