माणिक तेव्हा तान्ही होती

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बौद्ध धर्माचे आणि पालीचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांच्यावर बोलायला कुठेही गेले की भाषण संपल्यावर, चहा चालू असताना, कुणीतरी बाई बाजूला येते आणि आवाज खाली आणून म्हणते, "टीचर, सगळं पटलं हो. पण बायकोला आणि तान्ह्या पोरीला टाकून गेलेला माणूस हा. त्याचं एवढं कौतुक तुम्हाला कसं करवतं?" पुरुष हा प्रश्न सहसा विचारत नाहीत. त्यांना हार्वर्डबद्दल ऐकायचं असतं.

प्रश्न रास्त आहे. "मोठ्या माणसांचं असंच असतं" असं म्हणून तो उडवून लावणं सोपं आहे, पण असल्या उत्तराने कुणाचंच समाधान होत नाही, माझं तर नाहीच.

ज्यांनी कोसंबी वाचले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या सांकवाळचा. घरचं उत्पन्न माडांचं. शाळा अशी धड झालीच नाही. मुलगा माडांची व्यवस्था बघायचा आणि हाताला लागेल ते मराठी वाचायचा. त्यात तुकाराम होता. १८९१ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, लग्न झालं. मग 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धाची हकिकत वाचली आणि तिने जी पकड घेतली ती सुटली नाही. हे मासिक अमेरिकन मिशनचं. पोर्तुगीज गोव्यातल्या एका शेणै सारस्वताच्या पोराला बुद्ध भेटला तो ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या छापखान्यातून! आपल्याकडे ज्ञान कुठल्या वाटेने घरात शिरेल याचा नेम नाही.

१८९९ मध्ये मुलगी माणिक जन्मली, आणि त्याच वर्षअखेरीस हे तेवीस वर्षांचे गृहस्थ घर सोडून निघाले.

पुढची बरीच वाट 'निवेदन' या त्यांच्या आत्मचरित्रात आहे; ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. मी ते कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी थोडी निराशाच झाली होती. आमच्या घरात एकादशी, कीर्तन, पोथी हे सगळं असल्यामुळे साधकाच्या चरित्रात काय असावं याची माझी कल्पना पक्की होती: तळमळ, गुरूची भेट, साक्षात्कार, डोळ्यांतून धारा. इथे बघावं तर माणूस गाडीभाड्याच्या पैशांची काळजी करतोय, व्याकरण पाठ करतोय, पत्र आणून दाखवतोय, जेवणाची सोय लावतोय. अध्यात्म कुठाय? खूप नंतर कळलं की हेच ते.

काशीचं बघा. बुद्ध हवा तर पाली, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांची भाषा, हवी, पालीकडे जायचं तर आधी संस्कृत हवं, एवढा हिशोब पुण्यात झाला होता. पुण्यात डॉ. भांडारकरांचा आधार मिळाला होता, प्रार्थना समाजात राहायची सोय झाली होती. तिथून ग्वाल्हेरवरून काशी. तिथे अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांपुढे बसून कौमुदी, म्हणजे संस्कृत व्याकरणाचा ग्रंथ, घोकायची. बरोबरीचे विद्यार्थी लहानपणापासून पाठांतरात मुरलेले. हा घोडनवरा विशीच्या मध्याला सूत्रं तोंडपाठ करतोय. काशीतल्या कुणालाही सांगण्यासारखं कारणही नाही. बुद्धाचा धर्म शिकायला कौमुदी घोकतोय म्हटलं असतं तर छत्रातलं पान उचललं गेलं असतं.

मग नेपाळ. तिथे बुद्धधर्म जिवंत असेल या आशेने १९०२ मध्ये काठमांडूला पोचले आणि तिथला प्रकार बघून हिरमुसले. तिथून बोधगया. तेव्हा महाबोधी मंदिराचा ताबा शैव महंतांकडे होता. तिथे एका भिक्षूकडून कळलं की शिकायचं असेल तर सिंहलद्वीप गाठायला हवं. म्हणून कोलंबो. विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे शिकले, श्रामणेराची, म्हणजे नवशिक्या भिक्षूची, दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशही झाला.

यात एक गोष्ट माझ्या नेहमी मनात घोळते. पालीला स्वतःची लिपी नाही. सिंहलात तिचे ग्रंथ सिंहली अक्षरांत, ब्रह्मदेशात बर्मी अक्षरांत, सयामात तिथल्या अक्षरांत, आणि लंडनहून छापून आलेले रोमन अक्षरांत. म्हणजे 'नमो तस्स भगवतो' ही ओळ डोळ्यांनी वाचायची तर दर मुक्कामाला पुन्हा बाराखडीपासून बसायचं. धर्माच्या शोधात निघालेला माणूस ताडपत्रावरची गोल गोल अक्षरं गिरवतोय. बाराखडीचा हा कंटाळा न केलेला साधक दुसरा मला माहीत नाही. पुढे १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने त्यांनी संपादलेला 'विसुद्धिमग्ग' हा पाली ग्रंथ छापला तो देवनागरीत. आपण ज्या अक्षरांना अडलो त्यांना पुढचा पोरगा अडू नये, एवढी ती सोय आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते.

हे निघून गेले तेव्हा त्यांच्या बायकोचं, बाळाबाईंचं काय? एकत्र कुटुंब होतं, माडांचं उत्पन्न होतं, म्हणून दोघी जेवत्या राहिल्या. हे सरळ म्हणायला हवं: त्या शोधाचा खर्च ज्यांनी सोसला त्यांत बाळाबाई पहिल्या, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सुमारे सात वर्षं. नवरा मेला म्हणावं तर पत्रं येतात, आहे म्हणावं तर दिसत नाही. आणि हीच मुभा बाळाबाईंना हवी असती तर? तान्हं मूल नवऱ्याच्या हाती देऊन बोधगयेला निघालेल्या बाईला गावाने काय नाव ठेवलं असतं, ते मला इथे लिहिता येणार नाही.

आपल्या परंपरेत हे नवं नाही. ज्या तुकोबांनी कोसंबींना लहानपणी वेड लावलं त्यांच्या घरची जिजाई आठवा. नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर बसलेला, ही भाकरी घेऊन डोंगर चढते, आणि कीर्तनात तिची आठवण निघते ती हशा पिकवायला. कजाग बाई म्हणून! तिच्या पायात मोडलेला काटासुद्धा विठ्ठलाने काढला हे सांगायचं, पण घरात दाणा नव्हता हे आवाज वर न नेता सांगायचं. दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला, तेव्हा या मागे राहिल्या. नंतर १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला आणि पुढे 'स्मृतिचित्रे' लिहून नवऱ्याच्या सगळ्या शोधाला आपल्या बाजूने, हसत हसत, असा काही जाब दिला की आज कवी टिळकांपेक्षा त्याच जास्त वाचल्या जातात. जिजाईला कीर्तनकारांनी बोलायला लावलं, लक्ष्मीबाई स्वतः बोलल्या. बाळाबाईंनी लिहिलेलं काहीच माझ्या वाचनात आलेलं नाही. त्यामुळे त्यांच्या वतीने कोसंबींना माफ करायचा अधिकार माझ्याकडे नाही, तुमच्याकडेही नाही.

मग कौतुक कशाचं? दोन गोष्टींचं.

पहिली ही की हा माणूस परत आला. आपल्याकडे संन्यास घेतलेल्याने परत येणं म्हणजे नाचक्की. ज्ञानेश्वरांच्या वडिलांना, विठ्ठलपंतांना, गुरूच्या आज्ञेने घरी परतल्यावर आळंदीने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोसंबींनी १९०६ मध्ये चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, उतरवलं. कलकत्त्याला पाली शिकवायला लागले आणि बायकोबरोबर पुन्हा संसार मांडला. १९०७ मध्ये मुलगा झाला, दामोदर. गणितज्ञ आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी ते हेच. आणखी दोन मुली झाल्या. १८९९ मध्ये तान्ही होती ती माणिक पुढे बापाबरोबर अमेरिकेला गेली आणि तिथे शिकली. त्यामुळे आधीच्या सात वर्षांचा हिशोब चुकता होतो असं मी म्हणत नाही.

परत येणंही नुसतं घरी नव्हतं. कलकत्त्यात बरी नोकरी असताना सयाजीराव गायकवाडांनी महिना ५० रुपये देऊ केले, महाराष्ट्रात राहून काम करा म्हणाले. तेवढ्यावर हे कलकत्ता सोडून आले. शिकलेलं आपल्या माणसांना मराठीत मिळावं हा ध्यास होता. मग अमेरिकेतलं हार्वर्ड विद्यापीठ. तिथे 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनाच्या श्रेयावरून प्रा. लॅनमन यांच्याशी बिनसलं, १९१२ मध्ये परतले, फर्ग्युसनमध्ये पाली शिकवू लागले. पुढे आणखी तीनदा अमेरिका, १९२९ मध्ये रशिया, १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह आणि तुरुंग. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या गिरणगावात कामगारांसाठी बहुजन विहार. जग बदललं तसा यांचा प्रश्न बदलत गेला. आधी स्वतःच्या मनातलं दुःख जावं म्हणून निघाले. साठीला आले तेव्हा दुःख चाळीत, गिरणीत आणि जातीत दिसायला लागलं होतं. मार्क्सही वाचला, गांधीही मानले, आणि दोघांचंही सगळंच पटलं नाही. मला हा भाग फार आवडतो. एकदा सापडलेलं उत्तर जन्मभर कवटाळून बसणारे साधक आपण खूप पाहतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. साठी उलटल्यावर त्यांनी 'भगवान बुद्ध' लिहिलं. त्यात सिद्धार्थाने घर का आणि कसं सोडलं, हा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला. आपण सगळे शाळेत शिकलो ती गोष्ट माहीत आहे: म्हातारा दिसला, आजारी दिसला, प्रेत दिसलं, संन्यासी दिसला, आणि मध्यरात्री झोपलेल्या बायकोमुलाकडे एक नजर टाकून राजपुत्र घोड्यावर बसला. कोसंबी म्हणतात, जुन्या सुत्तांत, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांत, हे नाही. 'अरियपरियेसन सुत्त' काढून दाखवतात: तिथे स्वतः बुद्ध सांगतात की आईबाप अश्रू ढाळत असताना, त्यांची इच्छा नसताना, मी केस-दाढी उतरवून घरातून निघालो. म्हणजे रात्रीचं गुपचूप पळणं नाही. उघड, सगळ्यांदेखत. आणि कारण? शाक्य, म्हणजे सिद्धार्थाचं कुळ, आणि शेजारचे कोलीय यांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरून चाललेला तंटा, हाती शस्त्र घ्यायची वेळ, आणि त्या मारामारीचा आलेला वीट. पुढे डॉ. आंबेडकरांनीही आपल्या बुद्धग्रंथात चार दृश्यांची गोष्ट बाजूला सारून रोहिणीचा तंटाच पुढे आणला.

पंडितांना यात पाठभेद आणि पुरावे दिसतात, ते बरोबरच आहे. मला मात्र दिसतो तो घर सोडून गेलेला एक माणूस, चाळीस वर्षांनंतर, घर सोडण्याची जगातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट ओळीओळीने तपासणारा. हे माझं वाचन आहे. त्यांनी स्वतः असं कुठे म्हटलेलं नाही. पण झोपलेल्या यशोधरेचं ते मोहक चित्र स्वतःच्या कामाला लावणं किती सोपं होतं! "बुद्धानेही हेच केलं" एवढं म्हटलं की झालं. याने तेच चित्र फाडलं, आणि रडणारे आईबाप समोर उभे केले.

या प्रश्नाच्या मागोमाग दुसरा येतो: "एवढं करून मिळालं काय त्यांना?" 'निवेदना'त तरी बोधिवृक्षाखालचा प्रसंग नाही. विद्यापीठात पालीला जागा मिळवायची खटपट आहे, विद्यार्थी आहेत, आर्थिक ओढाताण आहे. शेवट अर्थातच त्यात नाही: आजारी शरीराचा भार कुणावर नको म्हणून अन्न सोडून ४ जून १९४७ ला सेवाग्रामला ते गेले, गांधीजींच्या आश्रमात. जैन तीर्थंकर पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्मावरचं, म्हणजे चार व्रतांच्या धर्मावरचं, त्यांचं पुस्तक त्यानंतर दोन वर्षांनी निघालं. या शेवटाबद्दल माझं मत अजून बनत नाहीये, तेव्हा त्यावर नंतर कधीतरी.

पुस्तक वाचणार असाल तर काशीच्या प्रकरणापासून धरा. लहानपणाची पानं मागाहून वाचली तरी चालतील. आणि ज्या बायका चहाच्या वेळी बाजूला घेऊन विचारतात त्यांना एक विनंती: पुढच्या वेळी सभेतच उभ्या राहून विचारा. पुरुषांनाही ऐकू दे.