पिसाळलंय म्हणून आणलेलं कुत्रं

निपाणीत कुत्र्यांवर उपचार करायचे म्हटले की बहुतेक दुखणी ठरलेली. पिल्लांना पार्वो म्हणजे उलट्या-हगवणीचा साथीचा रोग, कानात पू, खरूज, आणि गोचिडांचा ताप. त्या दिवशी मात्र टेम्पो दारात थांबायच्या आधीच ओरडा ऐकू आला, "लांब सरा, पिसाळलंय!" एका हमालानं तेच कानडीत "हुच्चु नायी" म्हणून पुन्हा सांगितलं आणि बाकावर बसलेली दोघं रस्त्यापलीकडं जाऊन उभी राहिली.

टेम्पोत पोत्यावर एक कारवानी जातीचा शिकारी कुत्रा आडवा. तोंडाला फेस, अंगभर थरकाप, मागचे पाय ताठ. शेजाऱ्यानं निकाल आधीच लावून ठेवलेला. "बादली पुढं ठेवली तर तोंड फिरवलं ओ. पाण्याला भितंय." हा पाण्याचा निकष कुठून रुजलाय कोण जाणे. पाण्याचं भय रेबीज झालेल्या माणसात दिसतं, कुत्र्यात सहसा नाही. पिसाळलेलं कुत्रं पाण्यात तोंडसुद्धा घालेल, घसा लुळा पडल्यामुळं गिळता येणार नाही इतकंच.

तरी लाळ गाळणारं कुत्रं म्हटल्यावर हातमोजे आधी, विचारपूस नंतर.

"सकाळी खाल्लं का?"

"भाकरी-दूध खाल्लं की. नवाला पोरासंगं पळत होतं."

मालकानं खिशातून लसीचं कार्ड काढलं, बूस्टरसुद्धा वेळेवर झालेला. रेबीज असा तास-दोन तासांत उभा राहत नाही. आधी स्वभाव पालटतो, खाणं सुटतं, मग पुढचं. ताप बघितला तर १०४. कुत्र्याचं अंग एरवीच १०१ ते १०२.५ असतं आणि झटक्यांनी ते चढतं, त्यामुळं आकड्यावरून काही ठरेना.

मान धरायला वाकलो आणि वास आला. तंबाखूचा वास निपाणीला नवा नाही, पण तो कुत्र्याच्या कातडीला येत होता. केस ओलसर, तपकिरी. कानाच्या पाळीत गोचिडं तशीच चिकटलेली, काही मेलेली.

"मामा, आंघोळ कशानं घातली?"

मालक गप्प. पोरगा म्हणाला, "तंबाखूचा चुरा उकळून. गोचिडं मरायला म्हशीला घालतोय तसं."

निकोटिन कातडीतून आत जातं. ओल्या तंबाखूत राबणाऱ्यांना मळमळ, चक्कर येते ती त्यामुळंच. या जातीचे केस आखूड, अंगावर चरबी नाही, त्यात गोचिडांनी पाडलेल्या जखमा आणि वर त्यानं अंग चाटलेलं.

आधी झटके थांबवायचं इंजेक्शन, शिरेतून सलाईन. मग साबण लावून भरपूर पाण्यानं धुणं, तेही हातमोजे घालूनच. शेजारी एव्हाना मिठाचं पाणी पाजायला निघाला होता. झटके येणाऱ्या जनावराच्या तोंडात काही ओतलं की ते फुप्फुसात जातं आणि वाचणारं जनावर त्यानंच जातं, हे त्याला जरा चढ्या आवाजात सांगावं लागलं. आम्लपित्ताचं औषधही मी मुद्दाम टाळलं, पोटातलं आम्ल कमी झालं की निकोटिन जास्तच शोषलं जातं.

मध्येच पोराच्या बोटावर ओरखडा दिसला. उचलताना दात लागलेला. त्याला नळाखाली उभं केलं, साबणानं पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. तिथून थेट सरकारी दवाखान्यात. कुत्र्याला लस असली तरी दात लागलेल्या माणसाबाबतीत मी धोका पत्करत नाही. कुत्र्यावरही दहा दिवस नजर ठेवायला सांगितलं.

अशा विषबाधेत पहिले चार तास निभले की जनावर बहुधा तरतं. तिसऱ्या तासाला थरकाप उतरला. साडेतीनला तो उठला, टेबलाच्या पायावर लघवी केली आणि रस्त्यापलीकडची मंडळी परत बाकावर येऊन बसली.

मग गोचिडांचं बोलणं. वजन बघून कुत्र्यासाठीचीच गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध द्यायचं. जनावरांवरचं फवारणीचं औषध अंदाजानं चोपडायचं नाही. आणि नुसता कुत्रा साफ करून भागत नाही, कुत्र्याची गोचिडं अंडी घालतात ती भिंतीच्या फटीत, पोत्यांखाली, गोठ्याच्या कडेला. ते पोतं तर जाळूनच टाका म्हटलं. नाक-हिरड्यांतून रक्त आलं किंवा ताप येऊन खाणं सुटलं तर लगेच आणा, तो गोचिडांचा ताप असू शकतो.

मालकानं सगळं मान हलवत ऐकलं. पैसे मोजता मोजता विचारलं, "मग म्हशीला चालतंय न्हवं?"

"म्हैस अंग चाटत नाही का, मामा?"

"चाटतीय की."

"मग उद्या गोठा बघायला येतो. तोवर ते पातेलं ओतून टाका. गटारात नको, लांब खड्ड्यात."