बेस जंपिंग शिकताना : निम्मा अभ्यास गोडोलीत, उडी पेरिन पुलावर

बेस जंपिंगचा प्राथमिक कोर्स मी अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, ट्विन फॉल्स गावच्या पेरिन पुलावर केला. पण त्यातला निम्मा अभ्यास साताऱ्यात, गोडोलीतल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये झाला. आपल्याकडे कडे भरपूर, डोंगर चढणारी पोरं भरपूर आणि मोबाईलवर व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेले. कड्यावर उभं राहिलं की कुणीतरी विचारतंच, "दादा, इथनं मारता येईल का उडी?" त्या पोरांसाठी हे सविस्तर लिहितोय.

इमारत, अँटेना, पूल आणि कडा अशा जमिनीला जोडलेल्या जागांवरून पॅराशूट घेऊन मारायच्या या उड्या. अमेरिकेच्या कार्ल बोनिश यांनी 1978 मध्ये एल कॅपिटन कड्यावरच्या उड्यांचं चित्रण केलं आणि तिथून हा खेळ आजच्या रूपात वाढला. तेच बोनिश 1984 मध्ये नॉर्वेच्या ट्रोलवेगेन कड्यावर उडी मारताना गेले. या खेळाची ओळख करून घेताना या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात, असं मला वाटतं.

कोर्सला थेट प्रवेश मिळत नाही. आधी स्कायडायव्हिंग यावं लागतं आणि साधारण दोनशे उड्यांचा अनुभव मागतात. नोकरीनिमित्त तिकडे होतो तेव्हा शनिवार-रविवार त्यातच घालवले. तेरा हजार फुटांवर विमानातून बाहेर पडलं की जवळजवळ मिनिटभर हवेत असतो आपण. काही बिघडलं तर विचार करायला वेळ असतो, पाठीवर दुसरं पॅराशूट असतं आणि आपण शुद्धीत नसलो तरी ते आपोआप उघडणारं यंत्र असतं. पेरिन पुलाची नदीपासूनची उंची आहे 486 फूट. काहीच उघडलं नाही, तर साडेपाच सेकंदांत सगळं संपतं. त्यामुळे दुसरं पॅराशूट नसतंच. असलं तरी ते वापरायला उंची उरत नाही.

दिवाळीत घरी आलो तेव्हा सरावासाठी घेतलेली जुनी कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचं मुख्य कापड, सोबत आणली होती. आप्पांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "दुसरं कुठाय?" मी कारण सांगितलं. आकडेही लपवले नाहीत. नॉर्वेतल्या शेराग कड्यावरच्या 1995 ते 2005 या अकरा वर्षांतल्या 20,850 उड्यांचा अभ्यास झालाय. त्यात नऊ जण दगावले, म्हणजे साधारण 2,300 उड्यांमागे एक. आई उठून आत गेली. आप्पा बराच वेळ त्या कापडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग हे एकच नीट बांध."

त्या सुट्टीत मी तेवढंच केलं. हॉलमधलं टीपॉय आणि खुर्च्या गच्चीवर नेल्या, फरशी दोनदा पुसून घेतली आणि रोज संध्याकाळी कॅनोपी पसरून घडी घालायला बसायचो. प्रशिक्षक व्हिडिओ कॉलवर असायचे. ही कॅनोपी सात कप्प्यांची असते. आधी दोऱ्या मोकळ्या करायच्या, हार्नेसपासून, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यांपासून, कापडापर्यंत एकही दोरी दुसरीवर चढलेली नाही हे हात फिरवून बघायचं. मग कप्प्यांची तोंडं मोजून समोर आणायची, डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी करायची. घडी एका बाजूला जड झाली, तर पॅराशूट उघडताना भलतीकडे तोंड करून उघडू शकतं. नंतर टेलगेट. शेपटीकडच्या, म्हणजे कापडाच्या मागच्या कडेच्या, दोऱ्या धरून ठेवणारा हा एक छोटा रबराचा फास असतो, शेपूट तोंडाच्या आधी फुगू नये म्हणून. कापड इतकं गुळगुळीत की एक बाजू गुडघ्याखाली दाबली की दुसरी सुटायची. सुरुवातीला एका घडीला दीड-दीड तास जायचा. आई दारातून जेवायला हाक मारायची आणि मी मध्येच उठू शकायचो नाही, कारण उठलं की पहिल्यापासून.

स्लायडर समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला. स्कायडायव्हिंगमध्ये हा कापडाचा चौकोनी तुकडा दोऱ्यांवरून सरकत खाली येतो आणि उघडण्याचा वेग आवरतो, नाहीतर त्या वेगात माणसाला जबर झटका बसेल. पुलावरून मारलेल्या कमी उंचीच्या उडीत वेगच आलेला नसतो, पॅराशूट तर लगेच उघडायला हवं असतं. तिथे स्लायडर काढतात किंवा खालीच बांधून टाकतात. पायलट शूट म्हणजे आधी हवेत सोडायचं मदतनीस पॅराशूट. ते मात्र मोठं लागतं, जवळजवळ चार फूट व्यासाचं, कारण कमी वेगाच्या हवेत त्याला मुख्य पॅराशूट ओढून काढायचं असतं. जी गोष्ट तेरा हजार फुटांवर जीव वाचवते तीच पाचशे फुटांवर जीव घेऊ शकते, हे मला तिथे फरशीवर बसून कळलं.

वहिनी घरी शिवणकाम करते. एका संध्याकाळी ती शेजारी येऊन बसली आणि हार्नेसचे टाके निरखायला लागली. "भावजी, पट्ट्याचा टाका झकास आहे, दाट मारलाय. पण ही दोरी बघा, इथं पिंजलीय." ब्रेकची दोरी जिथे कडीतून जाते, तिथे बोटभर भागात बारीक लव उभी राहिली होती. रोज हात फिरवत होतो तरी मला ती तेवढी जाणवली नव्हती. तिची बोटं त्या कामाची आहेत. फोटो पाठवला, प्रशिक्षकांनी लगेच कळवलं की दोरी बदलल्याशिवाय ही कॅनोपी उडीला वापरायची नाही.

दुसरा सराव कोरेगाव तालुक्यात, मामाच्या मळ्यातल्या विहिरीवर. विमानातून बाहेर पडताना वाऱ्याचा जोर असतो, त्यावर अंग टेकवून तोल सावरता येतो. पुलावर तसं काही नसतं. पाय सुटताना अंग जसं असेल तसंच ते पहिली दोन सेकंदं खाली जातं. म्हणून छाती पुढे, डोकं वर आणि नजर समोर, ही ठेवण अंगवळणी पडावी लागते. विहिरीचं पाणी भरपूर, मामा दोर घेऊन कठड्यावर बसलेला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, पण त्यानं अचूक सांगितलं, "पाण्याकडं बघून उडी मारू नगंस, डोकं आधी जातंया. समोर त्या आंब्याकडं बघ." पुढे पुलावर प्रशिक्षकांनी नेमकं हेच सांगितलं, आंब्याच्या जागी फक्त दरीची पलीकडची कड होती.

कोर्ससाठी पेरिन पूलच का, हे आता सांगतो, कारण आपल्या कड्यांचा प्रश्न त्यातच सुटतो. तिथे वर्षभर परवानगीशिवाय उडी मारता येते, ही सोय झाली. खरं कारण वेगळं आहे. पॅराशूट उलट्या दिशेला तोंड करून उघडलं, तर पुलाखाली मोकळी हवा आहे, माणूस पुलाखालून पलीकडे निघून जातो. कड्यावर हेच झालं तर समोर दगड असतो आणि मागचे रायझर, म्हणजे खांद्यांपासून दोऱ्यांपर्यंत जाणारे पट्टे, ओढून वळायला सेकंदभर मिळतो. नवशिक्याला तो सेकंद पुरत नाही.

पहिला अख्खा दिवस जमिनीवरच गेला. हवा, घडी, उतरायची जागा. ही जागा नदीकाठी आहे, लहान आहे आणि बाजूला खडक आहेत, त्यामुळे नदीत पडलो तर काय करायचं हेही घोकून घेतलं. पहिली उडी प्रशिक्षकांच्या मदतीने होते. ते कठड्याशी उभे राहून पायलट शूट हातात धरतात. आपण पडलो की दोरी ताणते, पिशवी उघडते, कॅनोपी बाहेर खेचली जाते आणि मग पायलट शूट त्यांच्या हातातून सुटतं. मी कठडा ओलांडला तेव्हा मागून ट्रक जात होते आणि त्यांच्या धक्क्याने पूल पायाखाली थरथरत होता. मोजून पाय सोडले. पोटात खड्डा पडतो न पडतो तोच खांद्यांना ओढ लागली, वर बघितलं तर सातही कप्पे भरलेले, तोंड सरळ दरीकडे. घडी नीट बसली होती. मी मोठ्याने ओरडलो, ते मराठीतच. काठावर उतरून सगळा संच पाठीवर घेतला आणि दरीची चढण चढून पुन्हा घडी घालायला बसलो. नंतरच्या उड्यांत पायलट शूट स्वतःच्या हाताने फेकायला शिकलो.

आमच्या तुकडीतला एक जण कठडा ओलांडून उभा राहिला, वारा बघितला आणि परत आत आला. कुणी त्याला चढवलं नाही, कुणी समजावलं नाही. प्रशिक्षकांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, आज तू कोर्समधला सगळ्यात महत्त्वाचा धडा केलास. तो त्या दिवशी उडला नाही.

आता आपले कडे. परत आल्यावर मी आर्थर सीटला आणि वासोट्याच्या बाबू कड्यावर गेलो, लेझरने अंतर मोजणारं यंत्र घेऊन. वरून बघताना सरळ तुटलेला वाटणारा सह्याद्री तसा नाही. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा दगड झालाय, त्यामुळे कड्याला पायऱ्यापायऱ्यांचे टप्पे आहेत. उभी भिंत थोडी, मग गवताळ टप्पा, मग पुन्हा भिंत. पॅराशूट उघडण्याआधीच माणूस पहिल्या टप्प्याच्या अंतरात येतो. दुपारी दरीतून वर येणारा वारा कड्यावर आपटून भोवरे करतो. खाली उतरायला मोकळी जागा नाही, नुसतं जंगल. वासोटा तर कोयना अभयारण्यात आहे, तिथे साधं चढायला वनखात्याची परवानगी लागते. खाली काही झालं तर माणसाला बाहेर काढायला बामणोलीहून बोट यायची. म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी स्पष्ट सांगतो, इथनं नाही.

शिकायचंच असेल तर हवा शिकण्यापासून सुरुवात करा. त्यासाठी पाचगणीला पॅराग्लायडिंग आहे, तिथे नुसतं जमिनीवर उभं राहून कापड डोक्यावर तोलायला शिकण्यातही वारा अंगाला कळायला लागतो. मग स्कायडायव्हिंगचा परवाना, मग त्या दोनशे उड्या. वेळ लागतो, पैसे लागतात आणि यातला कुठलाही टप्पा गाळता येत नाही. माझ्या मावसभावाने पाचगणीपासून सुरुवात केलीय. दोरी बदललेली ती जुनी कॅनोपी आता त्याच्याकडे असते, दर रविवारी आमच्या हॉलमध्ये तो घडी घालतो आणि वहिनी टाके तपासते. स्लायडर कधी वर आणि कधी खाली, हे त्यानं कारणासकट मला शिकवून दाखवेपर्यंत ट्विन फॉल्सचं नाव काढायचं नाही, असं आमच्यात ठरलंय.