समुद्राकडे पाठ करून: मुलं आणि आईला घेऊन गोव्याच्या रानात

पुण्याहून निघायच्या आधीच ताईने फोनवर बजावलं होतं, ‘बागा-कळंगुट नको हं. मुलांना रान दाखव.’ ताई, भाऊजी, अकरा वर्षांची भाची, सहा वर्षांचा भाचा आणि गुडघ्यांनी हैराण झालेली आमची आई, एवढं वऱ्हाड. मी फोंड्यात राहतो, त्यामुळे मोले, बोंडला ही रानं म्हणजे आमचं परसदारच. पण पाहुण्यांना घेऊन जायचं म्हटलं की जरा आखणी लागते.

गोव्यात सहा अभयारण्यं आणि एक राष्ट्रीय उद्यान आहे. नकाशा पाहून लोकांना वाटतं, एवढंसं राज्य, दिवसात तीन ठिकाणं सहज उरकतील. उरकतातही, पण मग मुलांनी पाहिलेली असते ती गाडीची खिडकी. माझं मत असं की ठिकाण नंतर ठरवा, आधी वेळ ठरवा. गोव्याच्या रानात वाघ-बिबट्या दिसेल या आशेने जाऊ नये. जे दिसतं ते भरती-ओहोटीवर, उन्हाच्या कलावर आणि गर्दीच्या वारावर अवलंबून असतं.

चोडणचं उदाहरण घ्या. मांडवीतल्या या बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं, सगळं कांदळवन. ओहोटीला गेलात तर चिखल उघडा पडतो आणि त्यावर बगळे, तुतवार उतरतात. भरतीला गेलात तर चिखल पाण्याखाली, पण होडी आतल्या फाट्यांत शिरू शकते. यातलं काय हवं ते घरीच ठरवायचं. आईने तर कालनिर्णयच काढलं. खाडीकाठची माणसं अजून तिथीला पाउणकी लावतात, म्हणजे तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पूर्ण भरती पहाटे तीनला आणि दुपारी तीनला, आणि पूर्ण ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, पण सहल आखायला एवढं पुरतं. चतुर्थी-पंचमी धरून जा, म्हणजे सकाळच्या कोवळ्या उन्हात चिखल उघडा सापडतो. सकाळी होडीच हवी असेल तर एकादशी ते त्रयोदशी बघा. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच.

आम्ही गाडी रायबंदरला लावून फेरीने पलीकडे गेलो. गाडी फेरीत चढवायच्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही, कारण अभयारण्याचं फाटक चोडणच्या धक्क्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. आत शिरल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत भाचा कुरकुरायला लागला, ‘मामा, इथे काहीच नाही.’ मग त्याला एका जागी उकिडवा बसवला आणि समोरच्या हातभर चिखलाकडेच बघ म्हटलं. थोडा वेळ सगळं निपचित. मग एका भोकातून खेकडा बाहेर आला, एक नांगी दुसरीच्या कितीतरी पट मोठी, आणि ती वर-खाली हलवू लागला. त्याच्या शेजारी निवट्या, म्हणजे चिखलावर चालणारे छोटे मासे, सरपटायला लागल्या. डोक्याच्या माथ्यावर डोळे, पुढच्या परांवर कोपरं टेकल्यासारखं चालणं, मधेच टुणकन उडी. दोन निवट्या समोरासमोर आल्या, पाठीवरचे पर ताठ उभे केले, तोंडं वासली आणि एकीने माघार घेतली. पोरगा तिथून हलेना. भाचीला दुर्बिणीत खंड्या सापडला होता, पण तोही सोडून ती चिखलाकडे आली.

तिथे जाणाऱ्यांनी डासांचं मलम, पाणी आणि जुनी चप्पल न्यावी, नवे पांढरे बूट नेऊ नयेत. शू-शीचं काम रायबंदरलाच उरकून घ्यावं. होडी घेतलीत तर मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, हे बसायच्या आधी विचारा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घालून उपयोग नाही, पाण्यात पडलं तर ते डोक्यावरून निघतं.

आईसाठी खरं ठिकाण तांबडी सुर्ला. मोलेहून साधारण १३ किलोमीटर आत, महावीर अभयारण्याच्या कुशीत कदंबकाळातलं महादेवाचं देऊळ आहे, बाराव्या-तेराव्या शतकातलं, काळ्या बेसाल्टचं. आमच्या गोव्यात जिकडे बघावं तिकडे लाल जांभा, त्यामुळे हा काळा दगड नजरेत भरतोच. गाडीपासून देवळापर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे, आईने काठी न टेकता पार केली. मुलांना नुसतं ‘देऊळ बघा’ म्हटलं तर ती कंटाळतात, म्हणून त्यांना शोधायला दिलं: मंडपातला डोकं नसलेला नंदी, आणि खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती. हत्ती भाचीने आधी शोधला, त्यावरून भांडणही झालं. शेजारून ओढ्यासारखी नदी वाहते. डिसेंबरात पाणी घोट्याएवढं असतं, पण दगड शेवाळलेले, त्यामुळे लहानांचा हात धरूनच उतरा.

दूधसागरबद्दल मात्र मी ताईचा हिरमोड केला. ३१० मीटरचा धबधबा आहे, देखणा आहे, वाद नाही. पण कुळ्याहून जीप, जीपसाठी रांग, ओढ्यांतून आदळआपट आणि शेवटी मोठ्या धोंड्यांतून चालणं, हे सुट्टीच्या दिवसांत सहा वर्षांचं पोर आणि दुखरे गुडघे घेऊन करण्यात मजा नाही. जायचंच असेल तर मुलं दहाच्या पुढची असावीत, वार मधला असावा आणि पहिल्या जीपमध्ये नंबर लागेल अशा बेताने पहाटे निघावं. तिथली माकडं हातातली पिशवी ओढतात, खाऊ बाहेर काढू नका. रेल्वेच्या रुळांवरून चालत जायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याला बंदी आहे आणि बोगदेही धोक्याचे आहेत.

बोंडला गुरुवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा. आठेक चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य, आत छोटं प्राणिसंग्रहालय. जाणकार नाक मुरडतात, पण गवा प्रत्यक्षात केवढा असतो हे लहान मुलांना इथेच कळतं. गोव्याचा राज्यप्राणी आहे, एकदा नीट बघायला हवाच.

दक्षिणेकडे जायला वेगळा दिवस ठेवा. रिवणच्या पुढे कुशावतीच्या काठावर उसगाळीमळला जांभ्याच्या कातळावर कोरलेली चित्रं आहेत: बैल, हरणं, मोर आणि एक गोल चक्रव्यूह. भर दुपारी गेलं तर रेषा उन्हात विरघळून जातात आणि लोक ‘काही दिसलं नाही’ म्हणत परततात. सकाळी लवकर किंवा चारनंतर, ऊन तिरकं असताना गेलं तर एकेक चित्र उठून दिसतं. चक्रव्यूहाच्या रेषेवरून भाचीने हवेतच बोट फिरवत मध्यापर्यंत वाट काढली. चित्रांवर पाय देऊ नका, पाणी ओतून किंवा खडूने रेषा उठवून फोटो तर मुळीच काढू नका.

तिथून पुढे नेत्रावळीत गोपीनाथाच्या देवळाची बुडबुड्यांची तळी आहे. तळाशी असलेल्या वायूमुळे पाण्यातून अखंड बुडबुडे वर येत राहतात. टाळ्या वाजवल्या की ते वाढतात असं गावात सांगतात. भाच्याने हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या आणि वाढले म्हणून जाहीर करून टाकलं. काणकोणकडे मुक्काम असेल तर गालजीबागचा किनारा बघा, ऑलिव्ह रिडले कासवं तिथे अंडी घालायला येतात. वनखात्याने कुंपण घातलेली घरटी लांबून बघायची. रात्री टॉर्च आणि फ्लॅश नको, उजेडाने पिल्लांची दिशा चुकते.

एक गोष्ट गोव्याबाहेरच्यांना ठाऊक नसते म्हणून सविस्तर सांगतो. २०१५ साली सत्तरीतल्या पाली गावात माकडतापाची साथ आली होती. हा रोग गोचिडीतून पसरतो आणि डिसेंबर ते मे हे कोरडे महिने त्याचे. घाबरून रान टाळायचं कारण नाही, पण पूर्ण पँट घालून ती मोज्यात खोचा, पालापाचोळ्यात बसकण मारू नका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका आणि खबर वनखात्याला द्या. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ घालताना मुलांच्या काखा, जांघा, कानामागची जागा तपासा. पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आवर्जून सांगा.

राहिलं जेवणाचं आणि गाडीचं. फोंड्याजवळच्या सावईवेरे-केरी बाजूच्या कुळागरांत, म्हणजे बागायतींत, सुपारी, मिरी, जायफळ दाखवून केळीच्या पानावर जेवण वाढतात, शाकाहारीही मिळतं. दुपारचं ऊन टाळायला जागा उत्तम, मात्र सुट्ट्यांत आदल्या दिवशी फोन करून ठेवा. मोलेच्या आत आणि सांग्याच्या पुढे मोबाइलची रेंज जाते, म्हणजे यूपीआयही बंद. सुटे पैसे जवळ असू द्या आणि पेट्रोल फोंड्यात किंवा सांग्यात भरून घ्या. बेळगावकडून येणाऱ्यांनी अनमोड घाट धरला तर मोले वाटेतच लागतं, पणजीपर्यंत जाऊन उलटं यायची गरज नाही. वनखात्याच्या निवासी खोल्या बोंडल्याला आणि खोतीगावला आहेत; नाताळात मिळणं कठीण, जानेवारीच्या मधल्या वारी बघा. पावसाळ्यात दूधसागरच्या जीप बंद असतात, धबधब्यांवर बंदी येते-जाते, आणि वाटेवर जळवा. त्या दिवसांत भाची आली तर नेईन, आईला नाही.